कर्ली खाडीतली वीस वर्षांची फायबर बोट: पावसाळ्यात केलेलं तळाचं काम

बोट ८.८ मीटर लांब, २.४ मीटर रुंद, भरल्यावर ०.६ मीटर पाण्यात बुडणारी. आत एक डिझेल इंजिन, स्टीलचा शाफ्ट, ब्रॉन्झचा पंखा. काम पर्यटकांना मालवणजवळच्या देवबागच्या संगमापर्यंत फिरवून आणायचं, म्हणजे सप्टेंबर ते मे सतत पाण्यात. साच्यातून निघून वीस वर्षं झालेली. मालकाच्या तक्रारी तीन होत्या. पूर्वीच्याच वेगाला आता थ्रॉटल जास्त द्यावा लागतो आणि डिझेल जास्त जातं. दरवर्षी तळाला लावलेला रंग दिवाळीपर्यंत तळहाताएवढ्या पापुद्र्यांनी सुटतो. आणि गेल्या वर्षी खरवडताना तळाला फोड हाताला लागले.

तिसरी तक्रार ऐकली की पोटात गोळा येतो, पण खरं नुकसान दुसरीचं असतं. रंग सुटला की त्या जागी बार्नेकल (कवच असलेले, चिकटून बसणारे समुद्री जीव) बसतात, बार्नेकलमुळे बोट जड होते आणि पहिली तक्रार सुरू होते.

या किनाऱ्यावरची मूळ अडचण कॅलेंडरची आहे. प्रवासी बोटी मे अखेर ते ऑगस्ट अखेर बंद, मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद. बोट मोकळी असते नेमकी तेव्हाच हवेत ९० टक्के ओलावा असतो आणि रंग-कामाच्या माणसांना सगळीकडूनच बोलावणं असतं. मग चालत आलेली पद्धत अशी: उधाणाच्या भरतीला बोट वर ओढायची, खरवडायची, झापांनी किंवा ताडपत्रीनं शाकारायची आणि ऑगस्टच्या शेवटी दोन दिवस उघडीप मिळाली की एक प्रायमर, एक रंग मारून पाण्यात ढकलायची. रंग कुठल्याही कंपनीचा असो, या पद्धतीत तो टिकत नाही. इथे ठरवलं ते असं, की पावसाळ्याचे तीन भाग पाडायचे: जूनमध्ये तळ उघडायचा, जुलैच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत धुवायचा, त्यानंतर बंदिस्त जागेत सुकवायचा. रंगाला शेवटचे दहा-बारा दिवस ठेवले आणि ते पुरले.

बोट वर आल्यावरचे पहिले दोन दिवस

बोट वर आली त्याच तासात प्रेशर वॉशर लावला. ओला शेवाळ आणि लहान बार्नेकल तेव्हा पाण्याच्या माऱ्यानं जातात. एक दिवस ऊन लागलं की तेच सिमेंटसारखे घट्ट होतात आणि मग पत्र्याचा खरवडा वापरावा लागतो, त्यानं जेलकोटला, म्हणजे फायबरच्या बाहेरच्या गुळगुळीत थराला, चरे पडतात. जिथे खरवडा लागलाच, तिथे त्याचे दोन्ही कोपरे कानसीनं गोल करून घेतले.

टेकू देताना वजन कीलवर (तळाच्या मधोमध लांबीनं जाणाऱ्या कण्यावर), तेही आतल्या आडव्या पडद्यांच्या खाली येईल असं घेतलं. बाजूचे टेकू फक्त बोट कलंडू नये म्हणून. नाळ (बोटीचं पुढचं टोक) थोडी उंच ठेवली, म्हणजे बिल्जमधलं (बोटीच्या आतल्या तळातलं) पाणी मागच्या भोकाकडे येतं, आणि भोकाचं बूच काढून मालकाच्या खिशात दिलं. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण उभ्या बोटीत पावसाचं गोडं पाणी महिनोन्‌महिने साचलं तर फायबर आतून ओलं होतं. या बोटीत तसंच झालेलं होतं. सर्वांत वाईट फोड कीलच्या दोन्ही बाजूंना, बरोबर जिथे आत पाणी साचत होतं तिथेच सापडले.

नंतर तळावर सहा ठिकाणी ३० सेंटिमीटर चौरस खिडक्या पाडल्या, म्हणजे तेवढ्या जागेवरचे सगळे थर जेलकोटपर्यंत काढले. जुन्या बोटीचा इतिहास इथेच कळतो. वरून खाली आलेले थर असे: तीन वेगवेगळ्या वर्षांचे अँटिफाउलिंग (शेवाळ-बार्नेकल बसू न देणारा रंग), त्याखाली काळा कोलटार एपॉक्सी, त्याखाली लाल ऑक्साइडचा प्रायमर आणि त्याखाली चकचकीत जेलकोट. त्या चकचकीतपणातच दुसऱ्या तक्रारीचं उत्तर होतं. साच्यातून काढताना लावलेलं मेण कधी पुसलंच गेलं नव्हतं आणि जेलकोटला कधी पॉलिश पेपरही लागला नव्हता. साफ केलेल्या खिडकीवर पाणी शिंपडलं तर थेंब होऊन घरंगळत होतं. वीस वर्षं जे जे रंग लावले ते सगळे मेणावर बसले होते.

कोलटारचं वेगळं. तो स्वस्त आहे, पाणी अडवतो, मच्छीमार बोटींवर सर्रास दिसतो. पण त्याच्यावर दुसरं काही लावलं की डांबर वर झिरपतं आणि वरचा रंग मऊ करतं. ठेवायचा तर कायम तोच ठेवावा लागतो. इथे पूर्ण काढायचं ठरलं.

फोड: कुठले खरे, कुठले खोटे

फोड म्हटलं की ऑस्मॉसिस असं गृहीत धरू नये. बरेचसे फोड रंगाच्या दोन थरांमध्येच असतात. फोडले तर कोरडे निघतात किंवा साधं पाणी येतं. ते रंगाबरोबर निघून जातात. खरे, म्हणजे ऑस्मॉसिसचे फोड जेलकोटच्या मागे असतात. जेलकोटमधून पाणी हळूहळू आत झिरपतं, पॉलिएस्टर रेझिनमधले न जुळलेले, पाण्यात विरघळणारे घटक त्यात उतरतात आणि दाट द्रव तयार होतो. हा दाट द्रव बाहेरचं आणखी पाणी ओढून घेतो, दाब वाढतो, जेलकोट वर उचलला जातो. फोडल्यावर निघणाऱ्या द्रवाला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, तो बोटांत चिकट लागतो आणि पीएच पट्टीवर आम्लधर्मी दिसतो. फोडताना गॉगल घालायचाच, कारण आत दाब असतो आणि चिळकांडी थेट डोळ्यात जाते.

या बोटीवर खरे फोड साठच्या आसपास निघाले. बहुतेक एक रुपयाच्या नाण्याएवढे, सात-आठ मात्र पाच सेंटिमीटरपर्यंत. छोट्या हातोडीच्या दांड्यानं पूर्ण तळ ठोकून पाहिला. खणखणीत आवाज आला तर फायबर शाबूत, बद्द आला तर थर सुटलेले. बद्द आवाज फक्त मोठ्या फोडांच्या भोवती, तोही फोडाच्या हद्दीपलीकडे दोन-तीन सेंटिमीटर.

मॉइश्चर मीटरबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण त्यावरून मालक लोक फार घाबरतात. मीटरवरचा आकडा म्हणजे फायबरमधल्या पाण्याची टक्केवारी नव्हे. तो तुलनेसाठी असतो. तांबं असलेल्या अँटिफाउलिंगवर मीटर टेकवला तर तो कमालीचा ओला दाखवतो; आत लोखंड किंवा पाण्याची टाकी असली तरी तेच. म्हणून मोजमाप खिडक्यांमध्येच घेतलं आणि पाणरेषेच्या वरची, कधी न बुडणारी बाजू हा आधार धरला. तळावर दर ३० सेंटिमीटरला पेन्सिलची खूण करून तिथेच आकडा लिहिला, म्हणजे पुढच्या आठवड्यात त्याच बिंदूवर तपासता येतो.

पूर्ण जेलकोट सोलायचा की फक्त फोड उघडायचे, हा मोठा निर्णय. सोलला तर नवा फायबरचा थर द्यावा लागतो, सुकवणं महिन्यांवर जातं आणि हंगाम हातचा जातो. फोड विखुरलेले असतील, मधलं फायबर खणखणीत असेल आणि थर सुटलेले नसतील, तर सोलण्याची गरज नाही. ऑस्मॉसिसनं बोट बुडाल्याचं सहसा कोणी ऐकलेलं नसतं. सोललेला तळ नीट न सुकवता बंद केल्यानं मात्र बऱ्याच बोटी पहिल्यापेक्षा वाईट झाल्या आहेत. इथे फोड तेवढे उघडायचे, बाकी जेलकोट घासून त्यावर एपॉक्सीचा जाड थर द्यायचा, असं ठरलं.

थर काढणं

बारा-पंधरा वर्षांपेक्षा जुन्या थरांत काय आहे हे डब्याशिवाय कळत नाही. ट्रायब्युटिल टिन असलेले अँटिफाउलिंग रंग आंतरराष्ट्रीय करारानं १७ सप्टेंबर २००८ पासून बंद झाले, पण त्याआधीचा थर जुन्या बोटीच्या तळाशी अजून असू शकतो. म्हणून कोरडं घासणं टाळलं. मोठा भाग खरवड्यानं, कोलटारचे हट्टी पट्टे फायबरसाठीच्या जेल स्ट्रिपरनं, उरलेलं ८० नंबरच्या वॉटर पेपरनं ओलं घासून. लोखंडाचा रंग काढायचा जहाल स्ट्रिपर आणू नये. तो जेलकोटही मऊ करतो. आणि अँगल ग्राइंडरला खडबडीत चकती लावून पूर्ण तळ घासायला कोणाला देऊ नये. काम एका दिवसात होतं खरं, पण तळावर बशीएवढे खड्डे पडतात आणि ते भरण्यात चार दिवस जातात.

खाली जाड पॉलिथिन अंथरून सगळा चोथा गोळा केला, पोत्यात भरला. त्याच खाडीतल्या तिसऱ्या आणि कालवं लोक खातात. तांब्याची आणि टिनची भुकटी भरतीच्या पाण्याबरोबर तिथेच जाते. काम करणाऱ्यांना कार्ट्रिज असलेला मास्क, पूर्ण बाह्या आणि हातमोजे.

जेलकोट घासण्याआधी मेण काढलं, आणि हा क्रम उलटा करून चालत नाही. आधी घासलं तर पेपर मेण चऱ्यांमध्ये दाबून बसवतो. एका फडक्यावर डीवॅक्सर घेऊन पुसायचं, तो ओला असतानाच दुसऱ्या कोरड्या फडक्यानं उचलून घ्यायचं, आणि फडकी सतत बदलायची. एकच फडकं दिवसभर फिरवलं तर मेण फक्त जागा बदलतं. त्यानंतर ८० नंबरनं जेलकोटची चमक पूर्ण मरेपर्यंत घासलं. पाणी मारल्यावर आता थेंब न होता सलग पडदा पसरला की पुढे जायचं.

फोड काउंटरसिंक बिटनं उघडले, कडा बशीसारख्या उतरत्या केल्या. मोठ्या फोडांना उतार १२ ला १ दिला, म्हणजे ३ मिलिमीटर खोलीला चारी बाजूंनी ३६ मिलिमीटर. पाच सेंटिमीटरचा फोड त्यामुळे बारा सेंटिमीटरचा होतो. मालकाला हे पाहवत नाही, पण कमी उतारावर लावलेला पट्टा कडेनं सुटतो.

धुणं

उघडलेल्या फोडांमधला आंबट द्रव नुसता सुकवला तर पाणी उडून जातं आणि चिकट घटक तिथेच राहतात. वरून एपॉक्सी भरली तरी ते पुन्हा पाणी ओढायला तयार. ते काढायचा एकच मार्ग, गोड्या पाण्यानं पुन्हा पुन्हा धुणं. इथे कोकणातला पावसाळा कामाला येतो, पण पाऊस आपोआप तळाला लागत नाही. बोटीच्या पोटाखाली कोरडंच राहतं. पन्हळीचं पाणी दोन ड्रममध्ये साठवून रोज सकाळ-संध्याकाळ प्रेशर वॉशरनं मारलं. किनाऱ्यावरच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल तर ते वापरू नये, नाहीतर आंबट काढून खारट भरल्यासारखं होतं. कोमट पाणी मिळालं तर उत्तम, हे घटक त्यात लवकर सुटतात.

चौथ्या आठवड्यात बहुतेक खड्डे चिकट लागेनासे झाले. तपासायचं असं: खड्डा पुसून सुकू द्यायचा, डिस्टिल्ड पाण्यात भिजवलेली पीएच पट्टी मिनिटभर दाबून धरायची. बॅटरीच्या पाण्याची बाटली यासाठी पुरते. अकरा खड्डे तेव्हाही आंबट निघाले. ते पुन्हा एक-दोन मिलिमीटर खोल केल्यावर आत ओलं, पांढुरकं पडलेलं काचतंतूंचं मॅट दिसलं. ते खरवडून आणखी आठवडाभर धुतलं.

सुकवणं

यात खर्च थोडा, शिस्त फार. पाणरेषेच्या वर बोटीभोवती २०० मायक्रॉनचं पॉलिथिन टेपनं चिकटवून जमिनीपर्यंत घागऱ्यासारखं सोडलं, कडेला वाळूची पोती ठेवली. जमिनीवरही पॉलिथिन अंथरलं. ते विसरलं तर ओली वाळू दिवसरात्र आत वाफ सोडत राहते आणि यंत्र फक्त जमीन सुकवत बसतं. आतली जागा साधारण ३८ घनमीटर. त्यात घरगुती मोठा डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा काढणारं यंत्र) आणि एक पंखा. त्याच्या पाण्याची नळी बाहेर. वरून ताडपत्री ढाळ देऊन बांधली, आत फळ्या उचलून बिल्जमध्ये दुसरा पंखा.

बाहेर आर्द्रता ९० टक्क्यांवर असताना आत ती दोन दिवसांत ५० च्या आसपास आली आणि तिथेच ठेवली. मीटरचे आकडे पहिल्या आठवड्यात झपाट्यानं उतरले, दुसऱ्यात मंद, तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी बहुतेक बिंदू पाणरेषेवरच्या आधाराच्या जवळ आले. कीलजवळचे मात्र थोडे वरच राहिले. हॅलोजन लावून लवकर सुकवायचा मोह होतो. तळावर हात ठेवता येत नाही इतका तो तापला तर पॉलिएस्टर मऊ पडतं आणि आतल्या पाण्याची वाफ नवे फोड उठवते.

भरणं

पाण्याखाली गाडीची पॉलिएस्टर लांबी (पुट्टी) चालत नाही. तिच्यात टाल्क असतं, ती पाणी पिते. वरच्या बाजूला वर्षानुवर्षं टिकलेली लांबी तळाला एका हंगामात फुगते, आणि मग लोक म्हणतात ऑस्मॉसिस परत आलं. खाली एपॉक्सीच, आणि ती घट्ट करायला तिच्यात कोलॉइडल सिलिकाची भुकटी. आधी नुसती पातळ एपॉक्सी ब्रशनं खड्ड्यात जिरवायची, ती चिकट असतानाच घट्ट मिश्रण भरायचं. सहा मिलिमीटरपेक्षा खोल असेल तर दोन टप्प्यांत, एकदम भरलं तर तापून तडकते. साठ खड्डे आणि वरची सफाई मिळून सुमारे तीन किलो एपॉक्सी लागली.

मोठ्या आठ खड्ड्यांना काचेच्या कापडाच्या तीन-तीन चकत्या दिल्या. साधं चॉप्ड स्ट्रँड मॅट (तुकडे केलेल्या काचतंतूंचं) इथे घेऊ नये. त्यातला बाइंडर पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो, एपॉक्सीत स्टायरीन नसतं, त्यामुळे मॅट कडक राहतं आणि खाली हवा अडकते. विणलेलं किंवा बायअ‍ॅक्सियल (दोन दिशांना धागे असलेलं) कापड घ्यायचं.

याच टप्प्यावर फायबर कारागिराची एक जुनी सवय घात करते. पॉलिएस्टर रेझिनमध्ये एमईकेपी हार्डनर एक ते दोन टक्के असतो. गरम दिवशी कमी, गार दिवशी जास्त, असा हात बसलेला असतो. तीच युक्ती एपॉक्सीला लावली की काम बिघडलं. एपॉक्सीचा हार्डनर वेग वाढवायचं औषध नाही, तो रेझिनशी ठरलेल्या प्रमाणात जुळतो. जास्त घातला तरी मऊ, कमी घातला तरी मऊ, आणि ते कधीच सुधारत नाही. किचनच्या डिजिटल काट्यावर वजन करून, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच मिसळायचं. वेग बदलायचा असेल तर स्लो किंवा फास्ट हार्डनर वेगळा मिळतो. एका वेळी २०० ते ३०० ग्रॅम, तेही पसरट ट्रेमध्ये. खोल मग्यात ३० अंशांना ते पंधरा मिनिटांत धूर सोडायला लागतं.

ओल्या हवेत सुकलेल्या एपॉक्सीवर तेलकट, किंचित चिकट साय येते. ही साय पाण्यात विरघळते, थिनरमध्ये नाही. म्हणून आधी पाणी आणि हिरवा स्क्रबर, मग पॉलिश पेपर. उलट केलं तर मेणासारखीच तीही चऱ्यांत जाऊन बसते.

एपॉक्सीचा पडदा: किती आणि कधी

तळाचं क्षेत्रफळ काढायचा कामचलाऊ नियम: पाणरेषेची लांबी गुणिले रुंदी आणि खोलीची बेरीज. ८.२ × (२.४ + ०.६) म्हणजे २४.६, धरा २५ चौरस मीटर. सुकल्यावरची एकूण जाडी २५० मायक्रॉन हवी. त्यासाठी २५ चौरस मीटरला ६.२५ लिटर निव्वळ घन पदार्थ लागतो. निवडलेल्या एपॉक्सीत घनांश ४५ टक्के, म्हणजे सुमारे १४ लिटर; रोलर, ट्रे आणि सांडण्याचे २० टक्के धरून १७ लिटर. दुकानदार "पाच लिटरमध्ये होईल" म्हणतो ते एका हाताचं गणित असतं.

पाच हात, प्रत्येकी ५० मायक्रॉन. ओला थर साधारण ११० मायक्रॉन दिसला पाहिजे. वेट फिल्म गेज नावाची दातेरी पट्टी ओल्या रंगावर टेकवली की लगेच कळतं. करडा आणि पांढरा असे आलटून पालटून हात दिले, राहिलेली जागा डोळ्याला दिसते. घाई करून जाड हात मारला तर सॉल्व्हंट आत अडकतं, टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात, आणि पुढच्या वर्षी तिथे येणारे फोड हुबेहूब ऑस्मॉसिससारखे दिसतात.

हवेचा नियम एकच: तळाचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश जास्त आणि आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली. ३० अंश आणि ८५ टक्के असताना दवबिंदू २७.२ असतो, म्हणजे मोकळ्या हवेत काम सीमेच्या बाहेरच. रात्री फायबर आणखी थंड होतं. ऑगस्टच्या मध्यावर ऊन-पावसाचा खेळ सुरू झाला की दुपारी अकरा ते तीन अशी खिडकी मिळते. त्या वेळात घागरा दोन टोकांना वर केला, कारण सॉल्व्हंट बाहेर जायलाच हवं. डीह्युमिडिफायर आणि विजेची अवजारं आधी बाहेर काढली. त्या वाफेत ठिणगी पडली तर बोटीसकट सगळं जातं. बिडीवाल्यांना शंभर फुटांवर. तळाचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरनं दर तासाला पाहिलं. एका दुपारी सर आली, आतला आकडा ८८ झाला, ट्रे झाकून काम बंद केलं. तिसऱ्या दिवशी चौथा हात संपला. रोज शेवटचा हात तीनच्या आत, म्हणजे रात्रीची ओल बसण्याआधी तो धरतो. टेकूंखालची जागा एक-एक टेकू सरकवून तितक्याच हातांनी रंगवली.

पाचवा हात आणि पहिलं अँटिफाउलिंग एकाच दिवशी द्यावं लागतं. एपॉक्सीवर अंगठा दाबला तर ठसा उमटावा, पण रंग बोटाला येऊ नये. त्या क्षणी अँटिफाउलिंग लावलं तर दोन्ही एकमेकांत रुजतात. आपल्याकडच्या उष्णतेत ही वेळ तास-दोन तासांतच निघून जाते. म्हणून चौघं कामाला: दोघं एपॉक्सी घेऊन पुढे, दोघं अँटिफाउलिंग घेऊन मागे, आणि एका वेळी अर्धाच तळ. वेळ चुकली तर ८० नंबरनं घासून मगच पुढे जायचं. तसं न करणं हे रंग सुटण्याचं मेणानंतरचं दुसरं मोठं कारण.

अँटिफाउलिंग

बोट रोज चालते, वेग सहा-सात नॉट. झिजत जाणारा क्युप्रस ऑक्साइडचा, म्हणजे तांब्याचा, रंग अशा बोटीला बरा. कडक रंग दरवर्षी साठत जातो आणि वीस वर्षांत पुन्हा तीच भिंत तयार होते. शिवाय कडक प्रकारातले बरेच रंग महिनोन्‌महिने पाण्याबाहेर राहिले की मंदावतात, आणि आपल्या बोटी तर दरवर्षी तीन महिने वरच असतात. फक्त वाळूला टेकणाऱ्या कीलच्या तळपट्टीवर कडक रंग दिला.

दहा लिटर आणला. तांबं डब्याच्या तळाशी बसतं. पहिला अर्धा डबा न ढवळता वापरला तर तळाला नुसता रंगीत वार्निश लागतो आणि उरलेल्या अर्ध्यात चिखल. तळ खरवडत पाच-सात मिनिटं ढवळायचं, काम चालू असतानाही मधूनमधून. थिनर घालून पसरवायचं नाही. पहिला हात लाल, दुसरा निळा. पुढे कधी निळ्यातून लाल डोकावलं की त्या जागी रंग संपत आल्याचं कळतं. पाणरेषेखालचा २० सेंटिमीटरचा पट्टा, नाळ आणि सुकाणू यांना तिसरा हात, कारण ऊन, प्राणवायू आणि प्रवाहाचा मारा तिथेच. पाणरेषा गवंड्याच्या लेव्हल पाइपनं आखली, रिकाम्या बोटीच्या नव्हे तर प्रवासी भरलेल्या रेषेच्या पाच सेंटिमीटर वर.

धातूचे भाग

ब्रॉन्झचा पंखा साफ करून तसाच ठेवला. झिंक, म्हणजे इतर धातूंऐवजी स्वतः झिजणारा जस्ताचा अ‍ॅनोड, अर्ध्याहून जास्त झिजलेलं होतं. ही खाडी पावसाळ्यात जवळजवळ गोडी होते आणि गोड्या पाण्यात झिंकवर कवच बसून ते काम थांबवतं, म्हणून यंदा अ‍ॅल्युमिनियमचा अ‍ॅनोड बसवला. अ‍ॅनोडला रंग लागू द्यायचा नाही. रंगारी सवयीनं मारतोच. तळाचे व्हॉल्व्ह नखानं खरवडून पाहिले. एक गुलाबी निघाला, म्हणजे ब्रॉन्झ समजून कोणी पितळेचा बसवला होता आणि त्यातलं जस्त निघून गेलं होतं. तो बदलला. आउटबोर्ड (मागे बाहेर टांगलेलं इंजिन) असलेल्यांनी त्याच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पायाला तांब्याचा रंग कधीही लावू नये, पाय खाऊन जातो.

पुढच्या मे महिन्यात

बोट वर आली तेव्हा रंग कुठेही सुटलेला नव्हता. बार्नेकल होते ते दोन टेकूंच्या जागी, जिथे अँटिफाउलिंगचा एकच हात बसला होता, आणि अ‍ॅनोडभोवती बोटभर रुंदीत. नाळेवर आणि सुकाणूच्या पुढच्या कडेला लाल दिसत होता, तिथे एकच हात पुरला. नवे फोड चार निघाले, चारही कीलच्या उजव्या बाजूला, जिथे सुकवताना मीटर वर राहिला होता. ते उघडून धुवायला घेतले. त्यांच्या बरोबर आत इंजिनच्या पायाखाली एक कप्पा निघाला, ज्यातलं पाणी मागच्या भोकापर्यंत पोहोचतच नव्हतं. त्या कप्प्याला २० मिलिमीटरचं भोक पाडून त्याची कड एपॉक्सीनं बंद केली.